बोर्डावरची सहा गावं

भूमध्य समुद्र मी एकतीस वर्षं फळ्यावर काढला. वर्गाकडे पाठ करून, खडू न उचलता, स्पेनपासून तुर्कस्तानपर्यंतचा किनारा एका दमात काढायचो आणि मुलं टाळ्या वाजवायची. इटलीच्या बुटापाशी आलो की टाळ्यांसाठी मुद्दाम जरा रेंगाळायचो. निवृत्त झाल्यावर, दोन हजार सातच्या मे महिन्यात, तो समुद्र खरोखर पाहिला. आठ दिवस, बोटीतून, बायकोबरोबर. त्या प्रवासाचं तोंडी वर्णन आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ झालं आहे. त्यातलं जे सांगायची लाज वाटली तेवढं राहून गेलं. ते इथे लिहितो आहे.

कोल्हापूर

आमची मुलगी अश्विनी जर्मनीत नोकरी करते. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि दर रविवारी तिचं एकच पालुपद असायचं, "पप्पा, आईला घेऊन या. तिला कुठंतरी निवांत बसवायचं आहे."

आईला, म्हणजे लीलाला, निवांत बसलेलं आम्ही दोघांनीही पाहिलं नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत आमची पिठाची गिरणी आहे. ती लीला चालवते. चोवीस वर्षं ती सकाळी सातला पट्टा चढवते आणि दिवे लागले की उतरवते. मधल्या वेळात गल्लीतला प्रत्येक माणूस डबा घेऊन दारात येतो आणि तिला हाक मारतो. जेवायला बसली की हाक, डोळा लागला की हाक. "काकू, तेवढं दळून देता काय?" उभं राहून राहून तिचे पाय संध्याकाळपर्यंत खांबासारखे सुजतात. मी शाळेतून आलो की चहाच्या वेळेला तिला आणखी एक हाक मारायचो, ती माझी.

एप्रिलमध्ये अश्विनीनं ईमेलवर दोन सहलींची माहिती पाठवली. सायबर कॅफेतून मी तिची छापील पानं घेऊन आलो आणि रात्रीच्या जेवणानंतर स्वयंपाकघरात ॲटलास उघडून लीलाला दोन्ही मार्ग पेन्सिलीनं दाखवले. पहिली बोट व्हेनिसहून निघून ग्रीसच्या तीन बेटांना जाणारी. तिला जाताना एक आणि येताना एक असे दोन अख्खे दिवस कुठलंच बंदर नव्हतं. दुसरी बोट जिनोआहून निघून सहा दिवसांत सहा बंदरं घेणारी. रोम, पालेर्मो, काल्यारी, पाल्मा, बार्सिलोना, मार्सेल. रोज सकाळी नवं गाव.

"ह्या दोन दिवसांत काय करायचं असतंय?" लीलानं पहिल्या मार्गावरच्या मोकळ्या निळ्या जागेवर बोट ठेवून विचारलं.

"काही नाही. समुद्राचे दिवस ते. बोट नुसती चालत राहणार."

"कुणी बोलवायला येणार न्हाय?"

"पाण्यात कोण येणार?"

ती बराच वेळ त्या निळ्या जागेकडे बघत राहिली. तिचं माहेर चंदगडकडचं. तिथं आषाढात पाऊस लागला की चार-चार दिवस माणूस घराबाहेर पडत नाही. "मी नि अव्वा उंबऱ्यात बसायचो," ती आपल्या आईची आठवण काढत म्हणाली, "समोर नुसतं पाणीच पाणी. कुणी येत न्हाई, कुणी हाक मारत न्हाई. लगीन झाल्यापास्नं तसं बसाय मिळालं न्हाई बगा. मला हीच बोट पायजे. दोन दिवस मिळतील की."

सगळ्या संसारात तिनं मला मागितलेली ही पहिली गोष्ट असावी. निदान मला आठवणारी तरी पहिलीच. दुसऱ्या दिवशी मी अश्विनीला ग्रीसची बोट कळवून टाकली.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडवलं ते मी, तालमीत.

आमच्या गल्लीच्या तालमीचा अध्यक्ष दिनकर हा माझा विद्यार्थी. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर चहा पिताना त्यानं विचारलं, "सर, ऐकलंय ते खरं काय? बोटीनं युरोपला?" भोवती आठ-दहा जण जमले. आता ग्रीसची तीन बेटं नि दोन दिवस पाणी असं सांगितलं तर त्यात सांगण्यासारखं काय होतं? मग मी माझा जुना आवाज लावला आणि दुसऱ्या बोटीची सहा गावं घडाघडा म्हणून दाखवली. वर म्हणालो, "सहा दिवसांत सहा शहरं. मुंबई-पुण्याची माणसंसुद्धा एवढं बघत नाहीत."

"नादखुळा सर!" दिनकर म्हणाला.

दोन दिवसांनी सकाळी दूध आणायला बाहेर पडलो, तर गल्लीच्या तोंडाशी बारा फुटी डिजिटल बोर्ड, फ्लेक्सच्या कापडाचा. निळ्या समुद्रात पांढरी बोट, बोटीवर माझा निरोपसमारंभातला फेट्याचा फोटो, शेजारी लीलाचा अश्विनीच्या लग्नातला. खाली तालमीच्या कार्यकर्त्यांचे गॉगल लावलेले चेहरे ओळीनं. आणि मजकूर: 'आमचे गुरुवर्य यांची सपत्नीक युरोप खंडातील सहा शहरांच्या जहाज दौऱ्यासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' निवड कुणी केली देव जाणे. त्याखाली सहाही गावं मोठ्या लाल अक्षरांत, मी म्हटली होती त्याच क्रमानं.

आमच्या कोल्हापुरात कुणाचा वाढदिवस झाला, कुणाच्या म्हशीनं स्पर्धेत नंबर काढला, तरी डिजिटल लागतं. त्याला हसणाऱ्यांत मी पुढे असायचो. पण स्वतःचा लागला की माणूस दूध आणायला तीनदा बाहेर पडतो. मी पडलो.

त्या दुपारी लीला गिरणीत असताना मी एसटीडी बूथवरून अश्विनीला फोन केला. घरचा फोन असताना बूथवर का गेलो, हे वाचणाऱ्याला सांगायला नको. मी म्हणालो, "अगं, तुझ्या आईचा विचार बदलला. तिला सहा शहरांची बोट पाहिजे."

"आईचा?" अश्विनीला नवल वाटलं. "तिला खरंच पाहिजे?"

"तिलाच."

आणि संध्याकाळी लीलाला सांगितलं की ग्रीसची बोट भरली. तिचा हात पिठाच्या डब्यावर होता. "एक पण जागा न्हाई?" एवढंच तिनं विचारलं. मी म्हणालो, "नाही ना. पण ह्या बोटीलाही असतो एखादा समुद्राचा दिवस." हे तिसरं खोटं. तेही विनाकारण, तिचा चेहरा बघवेना म्हणून.

जिनोआ

विमान, आगगाडी, व्हिसाच्या रांगा हे सगळं गाळतो. अश्विनीनं आम्हाला जिनोआच्या धक्क्यापर्यंत सोडलं आणि सुटी नसल्यानं ती परत गेली. जाताना आईला मिठी मारून म्हणाली, "मजा कर हं, तुझ्या मनासारखं झालं ना?" लीला बापडी हो म्हणाली. मी बॅगेची चेन उगाच उघडून परत लावली.

बोट म्हणजे पाण्यावर उभी केलेली बारा मजली इमारत. लीलानं वर बघून विचारलं, "ह्यात गिरणी कुठं असंल वो? एवढ्या लोकांचं पीठ?" आमच्या खोलीला एक गोल खिडकी होती. ती तिला पसंत पडली. खिडकीसमोर खुर्ची ओढून तिनं बसून बघितलं, उठली आणि खुर्ची तशीच राहू दिली. "समुद्राच्या दिवशी हितं बसीन," म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर आमचा वाढपी मिनिन. पन्नाशीचा, टक्कल पडलेला गोव्याचा गृहस्थ. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर त्यानं स्वयंपाक्याकडून कुठून तरी वरण पैदा केलं. लीलाचं माहेर चंदगड कळल्यावर तर तो खुललाच. त्याच्या गावाहून चंदगडचा बाजार जवळ. काजूच्या बिया, फणस, तिलारीचा घाट, दोघांची गाडी सुरू झाली. तो कोंकणीत बोलायचा, ही तिच्या भाषेत, आणि दोघांना सगळं कळायचं. मी भूगोलाचा मास्तर असून मध्ये बोलायला जागा मिळाली नाही.

रोज संध्याकाळी दाराच्या फटीतून दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम छापलेला कागद आत सरकायचा. इंग्रजीत. लीला तो उचलून माझ्या हातात द्यायची. "बगा की, उद्या समुद्राचा दिवस हाय काय?"

मी कागदावरून डोळे फिरवायचो आणि म्हणायचो, "उद्या रोम."

रोम

बोट लागते तिथून रोम आगगाडीनं तास-सव्वा तासावर. हातात सहा तास आणि माझ्या खिशात अकरा ठिकाणांची यादी. मी सहलीच्या मुलांना हाकायचो तसं लीलाला हाकत होतो. कोलोसियम बघून माझ्या अंगावर काटा आला, हे खरं. दोन हजार वर्षांचे दगड, आणि पुस्तकातल्या चित्रापेक्षा कितीतरी मोठे. मी पायऱ्या चढत रोमन साम्राज्याचा विस्तार सांगत होतो. मागे वळून बघितलं तर ऐकायला कुणी नव्हतं. लीला खाली एका दगडावर चपला काढून बसली होती. घोट्यावर पट्ट्यांचे वळ उमटले होते.

"चल, वरून दिसतं छान," मी म्हणालो.

"जोतिबाचा डोंगूर चढल्यावर वर देव तरी असतोय," ती म्हणाली. "हितं वर काय हाय?"

मी हसलो आणि तिला उठवलं. अजून सात ठिकाणं राहिली होती.

पालेर्मो

ह्या गावावर माझा जीव आहे, तो लीलामुळे. बाजार अगदी आपल्यासारखा. ओरडून विकणारी माणसं, ओल्या फरशा, टोमॅटोचे ढीग. एका कोपऱ्यावर एक जाडजूड म्हातारी कढईत पिवळ्या चौकोनी वड्या तळत होती. लीला थबकली. वास घेतला. "डाळीचं पीठ हाय हे."

खरंच, हरभऱ्याच्या पिठाच्या वड्या. पावात घालून, वर लिंबू पिळून देतात. आम्ही एक-एक घेतला. लीलानं पहिला घास खाल्ला आणि म्हातारीच्या पिठाच्या भांड्याकडे बोट दाखवलं. म्हातारीनं भांडं पुढे केलं. हिनं चिमूट घेतली, अंगठ्यानं चोळली, मान डोलावली. मग हातानं जातं फिरवून दाखवलं, मोठं की लहान, असं विचारलं. म्हातारीनं दोन्ही हात पसरून काहीतरी भलंमोठं दाखवलं आणि कपाळाला हात लावला. दोघी हसत सुटल्या. म्हातारीनं स्वतःचं स्टूल ओढून लीलाला बसायला दिलं, तिच्या पायांकडे बघून आपलाही परकर जरासा वर करून सुजलेला घोटा दाखवला. लीला बसली. प्रवास सुरू झाल्यापासून ती पहिल्यांदा अशी बसली होती, पाठ टेकून, घाई नसलेल्या बाईसारखी.

मी घड्याळ बघितलं. मोठं चर्च राहिलं होतं. बोर्डावर पालेर्मोच्या नावाशेजारी दिनकरनं कुठूनसा त्याच चर्चचा फोटो घातला होता.

"लीला, चल. बंद होईल ते."

ती उठली. म्हातारीनं माझ्याकडे बघून जे काय म्हटलं ते इटालियनमध्ये होतं, पण मला नीट समजलं.

काल्यारी

दिवसभर चढाचे रस्ते. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसलो. लीलानं त्या दिवशीचा कागद बरोबरच आणला होता. मी हात पुढे केला, पण तिनं तो मला न देता मिनिनला दिला.

"ह्यास्नी रोज वाचाय त्रास. तुम्हीच सांगा, समुद्राचा दिवस कवा हाय?"

मिनिननं कागद न बघताच मान हलवली. "हे बोटीक दर्याचो दीस ना, बाई. रोज एक बंदर."

"मग ग्रीसच्या बोटीला असतोय न्हवं?"

"तिका आसात, दोन. हांव गेल्या म्हयन्यात तेच बोटीर आशिल्लों." म्हणजे गेल्या महिन्यात तो त्याच बोटीवर होता.

"ती भरल्या म्हणं."

मिनिन हसला. "खंय भरली! अर्दी रितीच धांवता ती." आणि तो वरण आणायला गेला.

कोंकणी मला फारशी येत नाही. पण 'अर्दी रिती' समजायला भाषा यावी लागत नाही. अर्धी रिकामी. लीलानं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं पाव मोडला, वरणात बुडवला, सावकाश खाल्ला. मिनिननं वाढलेलं सगळं संपवलं. त्याला बरं होतं म्हणून सांगितलं.

खोलीत आल्यावर तिनं विचारलं, "अश्विनीला काय सांगितलासा?"

"तुझा विचार बदलला म्हणून."

"माझा विचार बदलला," ती म्हणाली, "आणि मलाच म्हाईत न्हाई." मग, "का पण?"

एकतीस वर्षं मुलांना प्रश्न विचारणारा माणूस मी. शेवटी खरं तेच बोललो. "बोर्ड लागला होता."

ती भांडली असती तर सोपं गेलं असतं. तिनं साडीची घडी घातली, ती उशाला ठेवली आणि म्हणाली, "उद्या तुम्ही एकटं जावा. बोर्डावरची गावं तुमची हायत."

पाल्मा

मी गेलो. खरं तर मीही थांबायला हवं होतं, पण तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, पाल्मा बघायचीही होतीच. किल्ल्यासारखं चर्च, खाली निळंशार पाणी. एका जपानी माणसाकडून फोटो काढून घेतला. त्या फोटोत माझ्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी आहे. सवयीनं मी कडेला उभा राहिलो होतो. एका बाकावर अर्धा तास बसलो. भूमध्य समुद्र समोर होता आणि मला तो बघवेना. एक वाजता मी परत फिरलो.

बोटीवर कुणीच नव्हतं. सगळी माणसं गाव बघायला उतरली होती. वरच्या डेकवर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, आणि शेवटच्या रांगेत लीला. पाय दुसऱ्या खुर्चीवर, पदर कानावरून घेतलेला, तोंड उघड्या समुद्राच्या बाजूला. शेजारी मिनिननं आणून ठेवलेला चहाचा पेला. मला इतकं बरं वाटलं तिला तसं बघून, की काही विचार न करता मी लांबूनच ओरडलो, "लीला!"

ती झोपली होती. हाकेसरशी ताडकन उठून उभी राहिली. डोळे पुरते उघडलेही नव्हते. "आले, आले," म्हणाली, आणि दोन्ही हातांनी साडीवरचं पीठ झटकू लागली. साडीवर पीठ नव्हतं. कोल्हापूर हजारो मैलांवर होतं.

मग तिनं मला बघितलं, समुद्र बघितला, आणि खाली बसली. "तुम्ही व्हय," म्हणाली.

आयुष्यात मला अनेकदा शरम वाटली आहे. पण त्या रिकाम्या डेकवर वाटली तशी कधीच नाही. फसवलं ते एक झालं. पण गल्लीतली माणसं तिला बोलावून उठवतात असं मी आजवर धरून चाललो होतो, आणि त्या हाकांत सगळ्यात जुनी हाक माझी होती.

बार्सिलोना आणि मार्सेल आम्ही दोघांनी मिळून बघितली, धक्क्याच्या आसपासच, बाक दिसेल तिथं बसत. चांगली गावं आहेत. त्यांच्याविषयी ज्यांना वाचायचं असेल त्यांना पुस्तकं भरपूर आहेत. संध्याकाळचा कागद लीलानं मला पुन्हा दाखवला नाही.

परत

तालमीत सत्कार झाला. नारळ, शाल, आणि माझं पाऊण तास भाषण. सहाही गावं मी सांगितली. टाळ्या पडल्या, इटलीच्या बुटाला तर जोरात. मग दिनकर उठला. "आता काकू सांगतील. काकू, सगळ्यात भारी गाव कुठलं?"

आता ही सांगणार, आणि सांगितलं तर ते बरोबरच होतं.

"पाल्मा," लीला म्हणाली.

"काय बगितलासा तिथं?"

"समुद्र," ती म्हणाली आणि खाली बसली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाल्मात तिनं पाऊल ठेवलेलं नाही, हे त्या सभेत फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. माझी अब्रू तिनं झाकली, आणि शाल खांद्यावर असून मला उघडं पडल्यासारखं झालं.

घरी येताना मी म्हणालो, "पुढच्या वर्षी ग्रीसला जाऊ या. मी शब्द देतो."

"ग्रीस नको," ती म्हणाली. "माझं दोन दिवस तेवढं द्या. हितंच. गच्चीवर बसीन. गिरणी तुम्ही बगा."

पुढच्या रविवारी तिनं तो डिजिटल बोर्ड तालमीतून मागून आणला. गच्चीच्या कठड्याला आणि टाकीच्या पाइपाला त्याची चार टोकं बांधून सावली केली. आमचे चेहरे वर उन्हाकडे, पांढरी बाजू खाली. त्याखाली खुर्ची टाकली, समोर पाय ठेवायला स्टूल, आणि ती जाऊन बसली.

मी पट्टा चढवला. पहिल्या तासात वर गेलो, दगड किती घट्ट करायचा ते विचारायला. मग हरभरा आधी घ्यायचा की जोंधळा, ते विचारायला. मग दोन डबे सारखेच दिसत होते म्हणून. मग पट्टा निसटला म्हणून. प्रत्येक वेळी ती डोळे न उघडता सांगायची. पाचव्यांदा जिना चढलो तेव्हा गच्चीच्या दाराला पलीकडून कडी होती.

फटीतून तिचे पाय दिसत होते, स्टुलावर, एकावर एक. सूज जरा उतरल्यासारखी वाटली. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो. खाली दारात कुणीतरी डबा आपटून ओरडत होतं, "काकू! ओ काकू!"

"काकू न्हाईत," मी जिन्यावरून हळू आवाजात म्हणालो, आणि तिला ऐकू जाऊ नये म्हणून चपला हातात घेऊन खाली उतरलो.